जग उलटं म्हणा

हडर्सफील्डच्या मेमरी क्लिनिकमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
तापलेल्या हीटरचा वास, टिश्यूचा खोका, आणि आम्ही तिघं:
डॉक्टर ॲक्रॉइड, अण्णाप्पा मगदूम, वय एक्याऐंशी,
आणि मधल्या खुर्चीत मी, तासाच्या दराने.
दुभाष्याचा नियम सोपा असतो:
घालायचं नाही, गाळायचं नाही.
इचलकरंजीच्या मागावरून लोकरीच्या मागावर आलेला माणूस.
इंग्रजी होती ती गिरणीपुरती. तीच आधी गेली.

आज वार कोणता?
"पगाराचा."
गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली,
तिथे आता फ्लॅट आहेत, खाली कुत्र्यांचं सलून.
पण तो शुक्रवार होता, खरोखर.
मी म्हटलं, पे डे.
डॉक्टरांनी पेन उचललं. परत ठेवलं.

ऋतू कोणता?
ते बराच वेळ बाहेर बघत राहिले,
टेकडीवरचं धुकं, काळ्या दगडाची ओली घरं.
"हेमंत लागला की."
कागदावर चौकटी चार.
मी सांगितलं, आमच्यात सहा असतात.
"मग जास्तीचे दोन कोणते?"
त्यांनी विचारलं ते मनापासून, पुढे झुकून,
आणि मला सांगता येईना.
आमच्यात जास्तीचा एकही नाही.

मग तो शब्द आला. वर्ल्ड.
पाच अक्षरं, उलटी म्हणायची, अक्षराला एक गुण.
अण्णा, जग उलटं म्हणा.
श्वाससुद्धा घेतला नाही:
"गज."
आणि हसले, वरची कवळी घरी विसरलेली.
पाचापैकी किती द्यायचे?
आमचं जग दोनच अक्षरांचं आहे, मी म्हटलं,
काना नाही, मात्रा नाही.
"दुसरा एखादा शब्द, जरा लांब?"
संसार आठवला.
पण तो उलटा करा असं
गेल्याच चैत्रात बायको गेलेल्या माणसाला कोण म्हणणार?

तेवढ्यात अण्णाच म्हणाले,
"पोरी, ह्या खिडकीला गज का न्हाईत?"

हा प्रश्न कागदावर नव्हता.
तरी नियम म्हणून तोही पलीकडे नेला,
आणि पलीकडे जाताच तो तुरुंगाचा झाला.
डॉक्टरांचा चेहरा मऊ झाला, त्यांनी लिहिलं:
कोंडलं जाण्याची भीती. बहुधा भासही.

मला सांगायचं होतं, बाई,
आमच्याकडे गज कुणाला आत ठेवायला नसतात.
मांजर येऊ नये, माकड येऊ नये, चोर येऊ नये म्हणून असतात,
आणि दुपारी पोरांनी
दोन गजांमधून पाय बाहेर सोडून बसायला,
वर उन्हाळ्यात गार लागतात गालाला.
हे सगळं तोंडाशी आलं होतं.
घालायचं नाही, गाळायचं नाही.
मी पाणी प्यायले.

तीसपैकी एकोणीस.
जिन्यापाशी लेक उभी होती, कोट घेऊन.
अण्णांनी विचारलं, "पास न्हवं?"
ती मराठीत हो म्हणाली, इंग्रजीत काहीच नाही.

त्याआधी, खुर्चीवरून उठताना,
त्यांनी तोल सावरायला खिडकीकडे हात नेला होता,
बोटं वळवून, काहीतरी उभं धरायला.
काचेवर तळवा सपाट टेकला
आणि घसरला.