टॅलोचे तीन कोट

हिलटाउनच्या चढावर माझं दुकान.
उसवलेलं शिवायचं, लांब ते आखूड करायचं.
नोव्हेंबरात डंडीला चारलाच काळोख पडतो
आणि टे नदीवरून येणारा वारा
दाराच्या फटीतून दोऱ्याची रिळं हलवतो.

तिघं आले. तीन कोट.
तिघांनाही शनिवारच्या मेळ्यात
एकच माणूस व्हायचंय: टॅलो.
चित्रकथेतला तो दुष्ट, जो गावभर हिंडून दिवे विझवतो
आणि उरलेलं मेण खातो.

स्ट्रुअन बस चालवतो, साठी उलटलीय.
त्याचा टॅलो टीव्हीवरचा, कृष्णधवल,
पुठ्ठ्याच्या गल्लीत खदाखदा हसणारा.
आयला रात्रपाळीची नर्स. तिचा हसतच नाही, कुजबुजतो.
अख्ख्या सिनेमात अठ्ठावीस वाक्यं. तिने मोजलीत.
टोबेन्ना कॉलेजातला पोरगा. त्याचा टॅलो यंदाचा,
तो रडतो.
आई त्याला ज्या पायरीवर सोडून गेली
त्या पायरीवरचा दिवा कुणीतरी आधीच मालवला होता, म्हणे.

"कारण दिलंत की राक्षस संपला," आयला म्हणाली.
"मग उरतो तो नुसता पेशंट."
"आणि कारण नसलेला माणूस दाखव मला एक तरी!"
"शिवाय तुझा कोट निळा. टॅलो हिरवा असतो."
"सतराव्या अंकात निळा आहे."
"ती छपाईची चूक."
"चूक तर चूक. छापलीय ना?"

माझ्या तोंडात टाचण्या.
मी गुडघ्यावर बसून स्ट्रुअनच्या कोटाचा घेर दुमडत होते,
नाहीतर बोलले असते
आमच्या बाबलमामाबद्दल.
दशावतारात तो संकासुर व्हायचा,
काळा झगा, तोंडावर काळं फडकं, लोंबणारी लाल जीभ.
आम्ही पोरं आईच्या पदरात घुसायचो
आणि उजाडल्यावर तोच मामा
देवळामागे चहात पाव बुडवून खाताना दिसायचा.
वाडीवर भांडणं व्हायची: आमचा खरा की पलीकडच्या गावचा?
पलीकडचा म्हणे फार नाचायचा. राक्षसान इतक्या नाचूचा न्हय.
पण संकासुराने वेद का चोरले
हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.
चोरले. झालं. पुढे विष्णू यायचाच.

"तुम्ही बोला ना," आयला स्ट्रुअनला म्हणाली.
"ते हसणं किती खोटं! शेजारच्या घरातही कळेल
नट हसतोय म्हणून."

स्ट्रुअन आरशात बघत होता, माझ्याकडे नाही, तिच्याकडे नाही.
"माझा बाप तसाच हसायचा," तो म्हणाला.
"शुक्रवारी. जिन्यावरून. वर येता येता."

इस्त्रीची वाफ सुटली तेवढीच.

"मग तर तुम्हाला तो टॅलो नकोसा व्हायला हवा,"
टोबेन्ना हळूच म्हणाला.

"नाही रे. त्याला बटण होतं.
शनिवारी सकाळी मी स्वतः उठून बंद करायचो.
मग पुन्हा लावायचो.
पुन्हा बंद."

आयलाने स्वतःच्या कोटाची घडी घातली,
मोडली, परत घातली.
निळ्याहिरव्याचं पुढे काही झालं नाही.
मी टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या,
तोंड रिकामं झालं तरी
सांगायचं ते मामाबद्दलचं राहूनच गेलं.

"गुरुवारी मिळतील," एवढंच म्हटलं.
दोघं गेली. स्ट्रुअन दारातून मागे आला.
कोटाला आतून एक खिसा होईल का?
डाव्या बाजूला. चष्म्यापुरता.

"टॅलोला खिसे नसतात ना?" मी विचारलं.

"नसतात," तो म्हणाला.
"कुणाला दिसणार आहे?"

अस्तराचा जो तुकडा उरला होता
तो निळा निघाला.
लावला.