ओल

दिंडोरी रोडच्या कचेरीत, तिसऱ्या टेबलावर
मी तालुके वाचते.
आमच्या पडद्यावर जिवंत पीक लाल दिसतं.
डोळ्याला न कळणारा एक उजेड पान परत फेकतं,
त्याला आम्ही लाल म्हणायचं ठरवलंय.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं
निफाडला कुणी चटका दिलाय.

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, ही आमची चौकट.
म्हणजे जवळजवळ एक गुंठा,
तलाठ्याच्या हिशेबाला आकाशातून दुजोरा.
त्याहून बारीक आम्हाला काही ठाऊक नाही.
बांध नाही, बांधावरची बोर नाही,
बोरीखाली भाकरी सोडून बसलेलं कुणी नाही.

एप्रिलात द्राक्षबागा खोटं बोलतात.
खरड छाटणी झाली की नुसते खुंट, तारा, अँगल.
यंत्र लिहितं: पडीक.
मी खोडते. बागायत, लिहिते,
पंधरा दिवस थांबा, फुटेल.
शेततळी काळी दिसतात.
शेडनेटखाली काय चाललंय ते देव जाणे,
तिथं मी प्रश्नचिन्ह ठेवते.

मग मे महिन्यात, चारीच्या पार शेपटाला,
येवल्याच्या अंगाला, जिथं पाणी
शेवटचं कधी पोचलं ते वहीतही सापडत नाही,
तिथं तीन चौकटी लाल.
चहूकडे राखाडी, आणि मधेच त्या,
सरकारी जिन्यातल्या पानाच्या पिचकारीसारख्या.

साहेब म्हणाले, चोरी असणार.
कालव्यात डोंगळा टाकला असणार. बघून ये.

चांदोरी, निफाड, विंचूर.
स्कूटरच्या डिकीत अक्षांश-रेखांश आणि पोळीची गुंडाळी.
चारीत वाळलेल्या शेवाळाची साल, एक चप्पल.
डोंगळा नव्हता. मोटर नव्हती.
गुडघाभर लसूणघास होता, तीन गुंठे,
आणि त्यात विळा चालवत ठकूबाई गांगुर्डे.

पाणी कुठलं, मी विचारलं.
पाणी कुठाय, त्या म्हणाल्या, ओल आहे नुसती.
विळ्याच्या टोकानं वर दाखवलं:
कचेश्वर मोगलांचं शेततळं.
त्याचा कागद उंदरांनी कुरतडलाय.
त्यांना माहीत आहे?
असेल की. दोन वर्षं झाली,
बदलायचा म्हणतात कागद.
म्हशीला चारा होतो, दूध त्यांच्याच घरी जातं.

माझ्या फॉर्मवर रकाने होते:
कालवा, विहीर, उपसा, पाऊस.
उंदीर नव्हता.

तुमच्या त्या वरच्याला माझी म्हैस दिसती का?
नाही, चौकटीहून लहान आहे.
आणि हा घास?
तेवढा दिसतो. म्हणून तर आले.
परत कधी बघणार तो?
परवा, पावणेअकराच्या सुमारास.

त्यांनी वर पाहिलं. एक घार, बाकी ऊन.
मग पदर खोचला आणि म्हणाल्या,
परवाच्या आत कापून घेते सगळा.

मी काहीच बोलले नाही.
हातातल्या यंत्रात तेवढी जागा नोंदवली,
त्यांनी दिलेला ताकाचा पेला संपवला,
येताना विंचूरला टायरमध्ये हवा भरली.

परवाचं चित्र शुक्रवारी उतरलं.
तीन चौकटी, राखाडी.
यंत्रानं लिहिलं: पडीक.
कर्सर कितीतरी वेळ त्या शब्दावर
उघडझाप करत राहिला.

लसूणघास कापला की महिन्याभरात परत येतो,
हे मला ठाऊक आहे, यंत्रालाही कळेल.
पण तोवर जून लागेल, ढग येतील,
आणि ढगांखाली आम्ही आंधळे.
पुढे आभाळ उघडेल तेव्हा
अख्खा तालुका लाल असेल,
त्यात तीन गुंठे शोधायला
कोण बसणार आहे?

साहेबांच्या कागदावर मी लिहिलं:
प्रत्यक्ष पाहणी केली. डोंगळा आढळला नाही.

या वेळी पडीक खोडलं नाही.