संबंध संपल्याची तारीख

शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकापाशी
टायपिस्ट विचारतो, ‘कुमारी लिहू की श्रीमती?’
माझे केस बघतो, मग आधार कार्ड,
आणि स्वतःच ठरवून टाकतो.
कुमारी वैजयंती माधव परचुरे, वय सेहेचाळीस,
प्रतिज्ञेवर लिहून देते की
माझा यापूर्वी कोणाशीही विवाह झालेला नाही.
खरं आहे.
पाचशेच्या स्टॅम्पवर खोटं कोण लिहितं?

पण हॅलिफॅक्सच्या वकीलबाई वेगळं विचारतात.
त्यांच्याकडे बारा महिने एका छपराखाली राहिलं
की अक्षता न पडताही काहीतरी होतं,
आणि ते कधी संपलं हे सांगावं लागतं,
तारखेसकट, दोघांच्या सहीने.
इथे जे झालंच नाही
ते मोडल्याचा कागद तिथे हवा.

घरी जाऊन फायली उपसल्या.
डहाणूकर कॉलनीतला भाडेकरार,
अकरा महिने, पुन्हा अकरा, पुन्हा अकरा;
बारावा महिना कुठल्याच पानावर नाही.
पानोपानी आम्ही पती-पत्नी,
कारण गद्रेकाकूंनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं
आणि श्रीरंग पटकन ‘हो’ म्हणाला होता.
नऊ वर्षांत इतक्या पटकन
तो दुसऱ्या कशालाच हो म्हणाला नाही.

काकू दर संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवायच्या.
मी जायचे. कपाळ पुढे करायचे.
एका वर्षीच्या वाणातली चहाची गाळणी
काल बॅगेत टाकली आहे.
टॉमाशच्या घरी चहा पिशवीतला असतो,
तरी.

श्रीरंग वेळेवर आला.
वाचायचा चष्मा लागलाय त्याला.
कोर्टासमोर उभ्या उभ्या चहा घेत
त्याने मसुदा दोनदा वाचला,
‘सहमती’तली वेलांटी सुधारली,
मग म्हणाला, ‘तारीख कुठली घालायची?’

मी म्हटलं, त्या दिवाळीची.
तू एकटाच नाशिकला गेलास,
मी लक्ष्मीपूजनाला एक वाटी भात लावला.
तो म्हणाला, ‘छे, दिवाळीनंतर आपण गीझर आणला की.
मार्चमध्ये टेम्पो आला, तेव्हा.’
मार्चला मी नाही म्हटलं.
मार्चमध्ये फक्त कपाट गेलं होतं.

मोबाईलवर जुनं कॅलेंडर उघडून
आम्ही बसलो, विहिणी-विहिणी बसतात तसे.
गीझरच्या पुढची, टेम्पोच्या अलीकडची.
मंगळवार नको, मी उगाच म्हणाले.
तो हसला नाही.
माझी पत्रिका आईच्या कपाटात, साडीच्या घडीत,
ती गेली तेव्हाही तिथेच होती.
अकरा जानेवारी ठरली.
त्या दिवशी नक्की काय झालं होतं
दोघांनाही आठवत नाही.

त्याने सही केली, नेहमीसारखी, खाली दोन टिंबं देऊन.
‘बरा आहे ना तो?’ एवढंच विचारलं.
बरा आहे, मी म्हटलं. बायको गेल्यावर
तिच्या कुंड्यांना रोज पाणी घालतो.
‘मग बरा आहे.’

तेवढ्यात माझा फोन वाजला. गॅसचा ओटीपी.
त्याच्या दारात सिलिंडर आला होता,
नंबर अजून माझाच.
सोळाला माझं विमान आहे, म्हटलं,
आता तरी बदलून घे.
‘घेतो,’ म्हणाला,
गेली चार वर्षं म्हणतोय तसाच,
आणि मी वाचून दाखवलेले चार आकडे
त्याच पेनने तळहातावर लिहून घेतले.