लागलं

टोलेडोच्या कोर्टात तळमजल्यावर
रेकॉर्डची खिडकी साडेआठला उघडते.
आतल्या बाईने नाव विचारलं, स्पेलिंग दोनदा,
आणि नऊ वर्षांपूर्वीचा मी
प्रिंटरमधून बाहेर आलो, कोमट.
शिक्का. सही. पाच डॉलर.

फियान्से व्हिसाच्या अर्जात तो प्रश्न आहेच.
'हो'च्या चौकोनात खूण केली.
आपल्याकडे तिला बरोबरची खूण म्हणतात.

वकील म्हणाला, लपवू नकोस,
मुंबईच्या मुलाखतीत हे कागद तिच्यासमोर ठेवतील,
तिच्या भाषेत समजावून सांगतील.
तिच्या भाषेत.
म्हणजे माझ्याच.

इंग्रजीत सोपं गेलं होतं. गिल्टी, युवर ऑनर.
मग सव्वीस मंगळवार
चर्चच्या तळघरात, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर,
रागाविषयी बोलत होतो
शेजारच्या घरातलं सांगावं तसं.

मराठीत मात्र रात्रभर क्रियापदं चाचपत बसलो.
दार लागलं. तिला लागलं.
शब्द एकच, आणि त्यात मी कुठेच नाही.
हात उठला, तोही आपला आपणच.
शब्दाने शब्द वाढला, आम्ही नुसते बाजूला उभे.
मी तिला मारलं, असं म्हणून पाहिलं,
तर तिथेही क्रियापद नपुंसकलिंगी,
माझ्याशी जुळायला तयार नाही.

हेमांगीला फोन लावला. मिरजेत सकाळचे सात,
लॅबला निघायची घाई, दातात केसांची क्लिप.
इकडे अंधारात मॉमी नदीवरचा बर्फ तडकत होता.
म्हटलं, कागदावर एकदाचंच आहे.
पण मी मारायचो.

हे एकच रूप सापडलं
ज्याच्या शेवटाला मी येतो.

क्लिप कुठेतरी ठेवल्याचा आवाज.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
तिचं नाव काय?
सात महिने मी 'आधीची' म्हणत आलो होतो.
सांगितलं.
शाल्मली, ती म्हणाली,
नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी डकवण्याआधी
नाव पुन्हा वाचतात तशी.
मग, बस चुकेल माझी.

अर्ज टेबलावर आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.
आज गुरुवार.
ती फोन करते तो रविवारी.