फेसाचं भांडं

स्टीलची वाटी ओल्या बोटांतून दोनदा निसटली,
बेसिनवर आपटून घरभर बोंबलली.
पितळी पेल्याला आई हात लावू देत नाही,
त्यातून देवाला दूध जातं.
कान तुटलेल्या कपात ब्रश फिरत नाही,
नुसता कोंबला जातो.

म्हणून शनिवारी खानापूरच्या गाडीत बसलो.

फकीरव्वाच्या अंगणात शंभरेक भांडी उन्हाला पाठ देऊन.
मी एकेक उचलतो, आत बोटं घालतो,
कोरडा ब्रश फिरवून बघतो.
"याक्री, लोणच्याला?"
"दाढीला."
ती तोंडावर पदर घेते, आत नवऱ्याला कन्नडात काही सांगते,
मला कळतंय हे तिला ठाऊक आहे,
म्हणून आणखी हसते.

"तुमच्या?"
"वडिलांच्या. डावाच हात चालतो आता."

मग ती मांडणीखाली वाकून
एक काढते. बुडाला जड, एका अंगाला कललेलं,
आत बोटांचे वळसे तसेच राहिलेले.
"हे बाजारात नेलं नाही. सरळ नाही की.
पण धक्का लागला तरी जागचं हलत नाही, बघा."

चाळीस रुपये. सुटे नव्हते तिच्याकडे,
दहाच्या नोटेऐवजी एक पणती घेतली,
नको असताना.

आज सकाळी आप्पांनी भांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
ब्रश वळशांवर टेकवला
आणि डाव्या हातानं, उलटा,
थांबत थांबत फिरवला.
फेस काठाशी आला, कललेल्या बाजूनं थोडा सांडला.

"उद्या साबण कमी घाल," म्हणाले.
"महाग असतो."