सरस

हरणाचं कातडं तीन दिवस भिजवायचं,
मग मंद आच. उतू गेलं की गेलं.
काम थंडीतलं. ओल्या हवेत केलेला सरस
नासतो, धरत नाही,
आणि वास गल्लीभर फिरतो.
चित्रकार सोइन माझ्याशी फारसं बोलत नसत.
"ओकिसा, पातळ झालाय," एवढंच.

किल्ल्याच्या धन्याला वाघ हवे होते,
भेटीला आलेल्यांना ताटकळत ठेवतात त्या दालनात.
घाम फुटला पाहिजे, असा निरोप.
आमच्यात वाघ पाहिला होता कुणी?
कोरियाहून आलेलं एक कातडं, डोळ्यांच्या जागी भोकं.
बाकी सगळं आमच्या बोक्याचं:
खांदे, दबा, भर दुपारची बाहुलीची उभी चीर.
मी मासळीचं डोकं दोरीला बांधून नाचवायचे,
सोइन रेघ ओढायचे.

वाघ म्हणा, वाघोबा म्हणा, खायचा तो खातोच.
त्या दालनात लोक गुडघे मोडून बसत,
सरदार, दूत, तांदळाचा हिशेब चुकलेले गावप्रमुख.
एकदा सुटलेला वर्ख चिकटवायला गेले
तर एक म्हातारा थरथरत होता.
सांगावंसं वाटलं, आजोबा, त्याला नुसता बांगडा हवाय.
नाही सांगितलं.
माझी चूल त्याच थरथरीवर पेटत होती.

अकराव्या वर्षी धनी बदलला.
कसा, ते नदीकाठच्यांना विचारा. आम्ही दारं लावून बसलो होतो.
नव्यानं वाघ राहू दिले.
फक्त कोपऱ्यात जुन्या घराण्याचं चिन्ह होतं, एक हिरवं पान.
"तिथं ढग काढा."
सोन्याचा ढग. गोल कडा, शांत.
सोइननी काही विचारलं नाही,
कुंचला बदलला.

तेव्हापासून कुठलाही पडदा पाहिला
की मी आधी ढग मोजते.
राजधानीचा तो सहा घड्यांचा पडदा,
लोक म्हणतात, काय हे ऐश्वर्य!
मला वाटतं, इथं कुणाचं तरी फाटक असेल,
इथं पूल,
इथं बहुतेक माणसं.

हा धनी सरस की तो, वाद मोठ्यांनी घालावा.
माझा सरस हरणाचा,
दोघांचंही सोनं त्यानंच धरलं.

यंदा पाऊस लांबला, भिंती घामेजल्या,
ढगाची एक कड उचलली आहे.
खालून पान डोकावतंय,
नखाएवढं.
दुरुस्तीचा निरोप आलाय, दोनदा.
सोइन नाहीत. बोका तर कधीच गेला.
मी कातडं भिजत घातलंय,
या असल्या हवेत.