राखीव

सुभाषनगर. सातपुत्यांच्या ओट्यावर माझा लॅपटॉप.
चप्पल कुणी शिवली ते लिहायला
रकाना केला : 'नेम'.
सेव्ह करताच पानच गायब.
शब्द राखीव आहे म्हणे,
सिस्टीमनं आधीच घेतलाय.

वादी ओवता ओवता ते हसले,
"एस्टीत रुमाल टाकून ठेवलाय की कुणीतरी.
भांडू नगा.
आमच्या गल्लीत तीन दगडू हाईत.
गिरणीमागचा म्हटलं
की माझाच डबा माझ्याकडं येतोय."

'नेम'च्या आधी 'गिरणी' लिहिलं,
मधे एक आडवी रेघ.
पान उघडलं.

चाळीस वर्षं तळाला
दुकानाचाच शिक्का.
त्यांनी स्वतःचं स्पेलिंग दोनदा वाचून घेतलं,
मग हळूच,
"ह्यो रकाना रिकामा सोडला
तर चालतंय न्हवं?"

नाही चालत.
लाल चांदणी लावलीय मी त्याला.